ज्या चौकोनाकडे बाण येत नाही

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. सदतीस वर्षं मी हे वाक्य मनातल्या मनातही असं सरळ म्हटलेलं नाही. मनात मी म्हणायचो, उत्तर द्यायचं राहिलं. कुणाकडे छत्री राहावी तसं. रेघी वहीतलं एकच पान होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. अक्षर इतकं एकसारखं की दोन शब्दांमधली जागाही मोजून सोडल्यासारखी दिसायची. ते एका कंपोझिटरचं अक्षर होतं. आमच्या छापखान्यात सगळे त्याला उलटेबुवा म्हणायचे, कारण छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे असतात आणि ते उलटे खिळे तो आमच्या सुलट्या कागदापेक्षा भरभर वाचायचा. मी तिथे मुद्रितशोधक होतो. म्हणजे त्याने जुळवलेलं पान कागदावर उमटून माझ्याकडे यायचं, मी लाल शाईने चुका दाखवायचो, आणि सगळं ठीक झालं की खाली 'छापावे' लिहून सही करायचो. माझी सही असल्याशिवाय यंत्र चालत नसे. मला त्याचा फार अभिमान होता. आता तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण हात उचलण्यातही माझा संकोच आड येतो.

पत्रात बुवाने काही फार मागितलं नव्हतं. प्रकृतीची विचारपूस होती, नव्या गावात काम मिळत नाही असं होतं, आणि मग: 'साहेब, त्या दिवशी दुपारी मी पान घेऊन आपल्या टेबलाशी आलो होतो, एवढंच दोन ओळींत लिहून द्या. पुढचं काही लिहू नका. मालकांना दाखवायचं नाही. मुलगी मोठी होते आहे, ती विचारते, तिला दाखवायचं आहे.' ते 'पुढचं काही लिहू नका' मी किती वेळा वाचलं असेल. माझी लाज त्यानेच झाकली होती आणि झाकून झाल्यावर नम्रपणे दोन ओळी मागितल्या होत्या. मला त्याचा राग आला. खरं तेच सांगतो, ज्याचं वाईट केलं त्याचाच राग आला. मी पत्र एका जाड कादंबरीत घातलं आणि ती कादंबरी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. घर दोनदा बदललं, तरी ती वरच्या फळीवरच राहिली.

आणि मागच्या महिन्यात, सकाळी साडेदहाला, माझ्या जेवणाच्या टेबलावर, ते पत्र एका चौकोनात दिसलं.

माझ्या भावाची धाकटी मुलगी खेळ तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करते. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, ती आता पस्तिशीला आली तरी. तिच्या खेळांत चित्र नसतं, धावाधाव नसते, नुसता मजकूर असतो. थोडं वाचायचं, मग खाली दोन-तीन वाक्यं अधोरेखित असतात, त्यांतल्या एकावर बोट ठेवायचं, की गोष्ट त्या बाजूला वळते. असा खेळ मांडण्यासाठी तिच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर फिकट निळ्या रेघांचा मोठा कागद असतो आणि त्यावर पांढरे चौकोन. एका चौकोनात मजकुराचा एक तुकडा. कुठून कुठे जाता येतं ते दाखवणारे बाण. चौकोन बोटाने ओढून हवा तिथे ठेवायचा, बाण आपोआप मागे ताणला जातो. वाङ्मयाचा असा सुतारकामाचा आराखडा मी कधी पाहिला नव्हता, म्हणून चष्मा पुसून वाकलो. सगळ्यात वरच्या चौकोनात लिहिलं होतं, 'तुम्ही मुद्रितशोधक आहात. आज टपालाने एक पत्र आलं आहे.' आणि त्याखाली, 'साहेब, आपली प्रकृती ठीक असेल.'

प्रथम मला काही कळलंच नाही. कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. यंत्र सुरू होण्याआधी पट्टा फिरायला लागला की छापखान्यात असा आवाज यायचा. मग मी बोललो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"हे कुठून आणलंस?"

"तुमच्याच पुस्तकातून. ती जाडी कादंबरी नाही का, वरच्या फळीवरची. मागे वाचायला नेली होती मी, मग परत ठेवली. त्यात होतं."

"आणि न विचारता घेतलंस?"

"विचारलं होतं काका. इथेच बसला होतात. मी म्हटलं, हे पत्र फार सुंदर आहे, खेळात वापरू का. तुम्ही वाचत होतात. म्हणालात, हं, ठीक आहे."

"मी असं म्हणालो नाही."

"म्हणालात," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. "मी होते तिथे. तुम्ही वर नाही बघितलंत, पण हं म्हणालात. तुमच्या हंवर विसंबून आजपर्यंत कुणाचं भलं झालंय?"

धाकटी हसली. मी हसलो नाही. मी उठून गॅलरीत गेलो आणि समोरच्या इमारतीत रंगारी दोरीला लोंबकळून भिंत खरवडत होता त्याच्याकडे बघत राहिलो. तो खरवडायचा आणि जुना रंग पापुद्र्यांनी खाली पडायचा. खालून कुणीतरी ओरडत होतं की गाडीवर पडतंय. मी त्या पोरीवर रागावलो होतो, पण रागाला धरायला मूठ नव्हती, कारण मी हं म्हणालो होतो. मी आयुष्यभर हं म्हणत आलो आहे. लग्न ठरताना हं, घर विकताना हं. पुस्तकातून मान वर न काढता माणसाला वाटेला लावायचा तो आवाज आहे. लोक त्याला माझा सोशिकपणा समजतात.

परत आत आलो तेव्हा तिने माझ्यासाठी कागदावर छापून आणलेली प्रत टेबलावर ठेवली होती. सगळे चौकोन, पानाला एक, चौसष्ट पानं. मी पडद्यावर वाचत नाही हे तिला ठाऊक आहे. "तपासून द्या ना," ती म्हणाली. "आणि एक अडचण आहे. ऑफिसात वीस-बावीस जणांना खेळायला दिला. सगळ्यांनी पहिल्याच फेरीत 'उत्तर लिहा'वर बोट ठेवलं. चार मिनिटांत खेळ संपतो."

"सगळ्यांनी?"

"एकजात. एकाला मुद्दाम म्हटलं, अरे, दुसरं काहीतरी निवडून बघ. तर म्हणाला, दोन ओळी तर लिहायच्यात, नाही कोण म्हणेल?"

नाही कोण म्हणेल. ते वाक्य माझ्या डोक्यात हातोडीसारखं पडत राहिलं. वीस-बावीस अनोळखी माणसांनी, दुपारच्या जेवणानंतर, एका हाताने दात कोरत असतील, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ते केलं, जे मला सदतीस वर्षांत जमलं नाही. आणि केल्यावर त्यांना चांगलं वाटलं असेल. इतका संताप मला क्वचित आला आहे. कारण निवड अशी येत नाही. ती दोन अधोरेखित वाक्यं होऊन समोर उभी राहत नाही, कुणी थांबून विचारत नाही की काय करता. त्या दिवशी सकाळी पत्र आलं तेव्हा दूध उतू गेलं होतं, हिचा ताप उतरत नव्हता, माझा एक बूट सापडत नव्हता. तेव्हा 'उत्तर लिहा' कुठे होतं? खोटं आहे तुझं सॉफ्टवेअर, मी म्हणालो. मनात म्हणालो, कारण मोठ्याने म्हणायचं तर मला आधी तीन वेळा मनात म्हणून बघावं लागतं, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

ती मात्र अजून गेली नव्हती, बुटाचा बंद बांधत होती. "काका, मला कारणं हवी आहेत," ती म्हणाली. "तो माणूस उत्तर का देत नाही. खरी वाटतील अशी. मला नाही सुचत, मी लगेच उत्तर देणारी बाई आहे. तुम्ही एवढं वाचलंय. लिहून द्याल?" आणि तिने तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडेच ठेवला, कसं करायचं तेही दाखवलं. चौकोनात लिहायचं. पुढे जिथे जायचं त्या वाक्याला दुहेरी चौकटी कंस घालायचे. कंस मिटले की त्या नावाचा नवा चौकोन आपोआप तयार होतो, रिकामा, आणि पहिल्यापासून त्याच्याकडे बाण जातो. "बघा, मी नुसतं 'उत्तर लिहा' असं कंसात लिहिलं, तर हा चौकोन आला. रिकामाच आहे अजून. त्यातलं उत्तरही तुम्हीच लिहा. तुमची भाषा त्या काळातली आहे."

"उत्तर मी लिहिणार नाही," मी म्हणालो.

"बरं. कारणं तरी."

कारणं मी लिहिली. एका बोटाने टकटक करत, रोज सकाळी दहा ते एक, तीन आठवडे. मला वाटलं होतं मी त्या वीस-बावीस जणांना धडा शिकवतो आहे. या, निवडा आता. मी पहिल्या चौकोनात दुधाचं पातेलं घातलं. मग बूट. मग ताप. मग 'संध्याकाळी लिहू' असं कंसात टाकलं आणि रिकामा चौकोन टपकन उगवला, त्यात संध्याकाळ लिहिली. दिवे गेलेले, घासलेटचा वास, हिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलणं. मग 'आधी कागद चांगला आणू'. मग 'रजिस्टरने पाठवू की साधं'. मग 'आता फार उशीर झाला, आता काय लिहायचं' आणि त्यातून 'एवढ्या उशिरा लिहिलं तर उशीर का केला तेही लिहावं लागेल'. मी खूश होतो. हे सांगताना लाज वाटते, पण माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा काही रचत होतो. दुसऱ्यांचं तपासण्यात हयात गेली. स्वतःची एक कथा लिहावी असं चाळीस वर्षं मनात होतं आणि दरवेळी वाटायचं, आपली कुठली एवढी लायकी. आणि आता बाण भराभर फुटत होते. सबबी मला पाठ होत्या. माझ्याएवढं या विषयाचं ज्ञान कुणाला असणार?

ही अधूनमधून मागे येऊन उभी राहायची. "काय कोळ्याचं जाळं घातलंय," एकदा म्हणाली.

"गोष्ट आहे ती."

"माशी कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, का ते मला नीट सांगता येत नाही, कदाचित त्या माशीमुळे असेल, मी कोऱ्या जागेवर एक नवा चौकोन उघडला आणि त्यात ती दुपार लिहिली. कंस घातले नाहीत. कुठून आलो, कुठे जायचं, काही नाही. सलग लिहीत गेलो.

परिचारिकांसाठी औषधांच्या मात्रांचं एक छोटं पुस्तक आम्ही छापत होतो. एकशे बाराव्या पानावर एका ओळीत मी चूक दाखवली होती. बुवाने ती ओळ नव्याने जुळवून बसवली. छापखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की दुरुस्त ओळ आली की नुसती तीच बघायची नाही, तिच्या वरची आणि खालचीही बघायची, कारण बसवताना शेजारच्या ओळी हलतात, कधी नको ती ओळ उचलली जाते. बुवा पान घेऊन माझ्या टेबलाशी आला. हात शिशाने काळे, म्हणून पान कोपऱ्यात दोन बोटांनी धरलेलं. म्हणाला, "साहेब, ओळी हलल्यात. मला जरा शंका आहे. वरची-खालची बघून मग सही करा." माझ्या मांडीवर, खणाच्या आड, ती जाडी कादंबरी होती. तीस पानं राहिली होती. नायिका स्टेशनवर उभी होती, आणि गाडी येणार की नाही ते मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मी हं म्हणालो आणि सही केली. 'छापावे.' बुवा क्षणभर थांबला. मला त्याची सावली पानावर पडलेली दिसली आणि मी ती सावली जायची वाट बघितली. मग गेला.

जी ओळ नाहीशी झाली होती ती अशी होती: 'बारा वर्षांखालील मुलांना याच्या निम्मी.'

कुणी दगावलं नाही. एका रुग्णालयातल्या जुन्या परिचारिकेच्या लक्षात आलं आणि तिने सुई खाली ठेवली. पण सगळ्या प्रती परत मागवाव्या लागल्या, आणि मालकांनी सहीचं पान मागितलं. सही झालेली पानं फोरमनच्या टेबलावरच्या तारेला टोचून ठेवायची पद्धत होती. एकशे बारावं तिथे नव्हतं. ते आदल्या संध्याकाळीच, चूक कानावर आल्या आल्या, मी काढून नेलं होतं, डब्याच्या पिशवीतून. मालकांनी मला विचारलं, पान तुमच्याकडे आलं होतं का. मी म्हणालो, आठवत नाही. तेवढंच म्हणालो. बुवा समोर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता हा बोलणार, पण तो बोलला नाही. मला वाटतं त्याला खात्री होती की मी बोलीन. त्याने पान न दाखवता परस्पर यंत्रावर चढवलं असं ठरलं. जाताना फोरमन त्याला मोठ्याने म्हणाला, मुलांच्या जिवाशी खेळतोस. ते वाक्य मग गावातल्या प्रत्येक छापखान्यात त्याच्या आधी पोचायचं.

हे लिहून झालं तेव्हा एक वाजून गेला होता. ही जेवायला वाढून बसली होती. मी झाकण मिटलं.

शनिवारी धाकटी आली. तिने नकाशा उघडला आणि आधी "बाप रे" म्हणाली, कारण चौसष्टाचे एकशे नव्वद झाले होते. खूश झाली. बोटाने कागद इकडेतिकडे सरकवत बाणांवरून फिरत राहिली, मधूनच हसत होती, बुटाशी तर खूपच हसली. मग तिचं बोट कडेला थांबलं.

"काका, हा एकटाच पडलाय. याच्याकडे कुठूनच बाण येत नाही."

"असू दे."

"असू दे कसं? खेळणारा इथे कधीच पोचणार नाही. कितीही फिरला तरी." तिने तो चौकोन उघडला.

ती वाचायला लागली, आणि पुढची दोन-तीन मिनिटं मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता टेबलावरचा पॉलिश फुगलेला डाग बघत बसलो, गरम पातेल्याचा, किती वर्षांपूर्वीचा. मला पळून जायचं होतं. मला तो लॅपटॉप तिच्या हातून ओढून गॅलरीतून खाली टाकायचा होता, रंगाऱ्याच्या पापुद्र्यांत. वाचून झाल्यावर तिने झाकण अर्धं खाली केलं. हे तिने का केलं कोण जाणे. आजारी माणसावर पांघरूण ओढतात तसं.

"हे रचलेलं नाही," ती म्हणाली.

मी त्या डागावरून नख फिरवत राहिलो.

"काका, मला आधी सांगायला हवं होतं. पत्रावर पत्ता होता. दुसऱ्याचं पत्र वापरायचं तर परवानगी लागते, म्हणून मी तिकडे लिहिलं होतं. परवा उत्तर आलं." तिने पिशवीतून एक पाकीट काढलं. "त्यांच्या मुलीचं आहे. त्याच घरात राहतात."

मी ते घेतलं नाही, तेव्हा तिने वाचून दाखवलं. वडील आहेत, ऐंशी ओलांडली. डोळ्यांनी आता दिसत नाही, पण ऐकायला उत्तम येतं. पत्र खुशाल वापरा, त्यांना गंमत वाटते आहे. तुमचा खेळ सुरू झाला की मी त्यांना वाचून दाखवीन, ते सांगतील तिथे बोट ठेवीन. एकच विनंती. त्या गृहस्थांनी शेवटी उत्तर दिलं का, हे तुम्हाला माहीत असेल तर कळवा. बाबा म्हणतात, दिलं असणार, टपालात गहाळ झालं असेल.

टपालात गहाळ झालं असेल. सदतीस वर्षं तो टपालखात्याला दोष देत होता, माझ्याऐवजी. मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली.

"कुणी सांगितलं होतं तुला लिहायला? कुणी विचारलं होतं? चौकोन, बाण, परवानग्या. तुम्हाला वाटतं सगळं जोडलं की झालं. माणूस जगतो ते काय तुझ्या निळ्या कागदावर?" मी ओरडत होतो. शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी हळू केला. "तुझ्या त्या बावीस जणांना सांग, तुम्ही शहाणे आहात. फार शहाणे. नाही कोण म्हणेल म्हणे. मी म्हणालो. रोज म्हणालो. सकाळी उठून तोंड धुतलं की आधी तेवढंच काम करायचो मी."

धाकटी पांढरी पडली होती, पण डोळे खाली घातले नाहीत. "खेळ सोमवारी सुरू होतोय," ती म्हणाली. "त्या रिकाम्या चौकोनात काहीतरी लिहावं लागेल मला. ते बाबा मुलीला तिथे बोट ठेवायला सांगतीलच. तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन. आणि त्यांना वाटेल तुम्हीच म्हणताय."

ही दाराच्या चौकटीत उभी होती, हातात ओलं फडकं. "खुर्ची उचला," ती मला म्हणाली. मी उचलली. मग म्हणाली, "पोस्टमनकडून ते पत्र मीच घेतलं होतं. तापात होते, पण डोळे फुटले नव्हते माझे. आठवडाभराने तुमच्या टेबलावर तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं होतं. आठवतं?"

आठवत नाही, असं मी म्हणणार होतो. शब्द जिभेवर येऊन बसला होता, जुना, सवयीचा. मालकांना म्हणालो होतो तोच. मी तो गिळला. 

"आठवतं," मी म्हणालो. "त्यात मी विजेचं बिल ठेवलं होतं."

"हो," ही म्हणाली. "मग मी काही बोलले नाही. माझंही तेच झालं, बोलायचं सोडलं." आणि ती आत निघून गेली, इतकी वर्षं अडवून धरलेला राग तसाच घेऊन.

धाकटीला मी सांगितलं, तो चौकोन सोमवारपर्यंत रिकामा ठेव. नंतरही ठेव. कुणी बोट ठेवलं तर कोरा पडदा दिसू दे. आणि तो कडेचा, एकटा, त्याच्याकडे बाण काढ. "कुठून काढू?" तिने विचारलं. मी म्हणालो, सगळीकडून. दुधाच्या पातेल्यापासून, बुटापासून, तापापासून, चांगल्या कागदापासून. एकही सबब अशी ठेवू नकोस जिथून तिथे जाता येणार नाही.

"पण काका, मग ती मुलगी हे वाचून दाखवील. त्यांना. मोठ्याने."

"त्याच्या आधी माझं पत्र पोचलं पाहिजे," मी म्हणालो. "पोचेपर्यंत सुरू करू नकोस."

"सोमवार ठरलाय."

"मोड."

तिने होकारार्थी मान हलवली.

ती गेल्यावर मी स्टुलावर चढून कादंबरी काढली. तिला खाकी कागदाचं वेष्टन होतं, मीच घातलेलं, कडा डिंकाने चिकटवलेल्या. सुरीने कड उकलली. आत, पुठ्ठ्याला टेकून, एकशे बारावं पान होतं. पिवळं, घड्यांवर फाटायला आलेलं. वरच्या कोपऱ्यात शिशाच्या दोन बोटांचे ठसे आणि खाली लाल शाईत माझी सही, ऐटदार, शेपटी ओढलेली. त्या सहीकडे बघताना मला जाणवलं की त्या दिवशी मी ती घाईत केलेली नव्हती. सही करायला मला वेळ होता. वाचायला नव्हता. कादंबरीची शेवटची तीस पानं मी नंतर कधीच वाचली नाहीत. गाडी आली का मला अजून माहीत नाही, आणि आता जाणून घ्यायचं नाही.

पत्र लिहायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी जे लिहिलं त्यात माझी बाजू होती. दुसऱ्या दिवशी इतकी माफी होती की वाचणाऱ्याला माझीच समजूत घालावी लागली असती. दोन्ही फाडली. एका ऐंशी वर्षांच्या आंधळ्या माणसाकडून मला समजूत हवी होती, याची चीड आली, आणि त्या चिडीतच तिसरं लिहिलं.

'बुवा, तुम्ही त्या दिवशी दुपारी पान घेऊन माझ्या टेबलाशी आला होतात. तुम्ही म्हणालात, ओळी हलल्यात, वरची-खालची बघून सही करा. मी न बघता सही केली. मी कादंबरी वाचत होतो. मग ते पान तारेवरून मी काढलं आणि मालकांना म्हणालो, आठवत नाही. मला आठवत होतं. तुम्ही 'पुढचं काही लिहू नका' म्हणाला होतात, तेवढं ऐकू शकलो नाही. तुमचं पत्र मला मिळालं होतं. टपालात काही गहाळ झालं नाही. सोबत सहीचं पान आहे. ते मुलीच्या हातात द्या.'

मी ते प्रूफ वाचतात तसं वाचलं. ओळीखाली पट्टी धरून, प्रत्येक ओळ, वरची, खालची. मग सही केली. शेपटी ओढली नाही.

पोस्टात दुपारी गर्दी नव्हती. पंखा फिरत होता आणि खिडकीमागचा कारकून कुणाशी तरी फोनवर बोलत होता, पोरीच्या शाळेच्या दाखल्याबद्दल. फोन खांद्याने कानाशी दाबून त्याने माझं पाकीट घेतलं, वजन केलं, पावती फाडली आणि हात आपोआप ठप्प्याकडे गेला. बोलणं चालूच होतं. ठप्पा पाकिटावर पडला, पाकीट पोत्याच्या दिशेने निघालं.

"थांबा," मी म्हणालो.

इतक्या मोठ्याने, की रांगेतली बाई मागे सरली. कारकुनाने फोन खाली घेतला. "काय झालं आजोबा?"

"तुम्ही पत्ता बघितला नाहीत."

"दिवसाला तीनशे मारतो मी. यंत्र वाचतं पुढे."

"हे तुम्ही वाचा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात खिडकीच्या लाकडी कडेवर दाबून धरले, मागे घेतले नाहीत. त्याने सुस्कारा सोडला, पाकीट उचललं आणि वाचलं. नाव वाचलं, मग घराचा नंबर, गल्ली, गाव, शेवटी आकडे एकेक करून. मी प्रत्येक शब्दाबरोबर मान हलवली.

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो, आणि त्याने ते पोत्यात टाकलं.